किती पायांची

नकाशात ती एकेरी तुटक रेघ आहे.
गाव सोडून, ओहोळ ओलांडून, काजूच्या रानातून
वर धनगरांच्या वाड्यावर जाणारी.
शेजारी बारीक अक्षरात: पायवाट.
आणि कुळागराच्या वरच्या अंगाला, जिथं रेघ जरा वाकते,
तिथं गेल्या दिवाळीनंतर दोन खांब उभे राहिले, चिऱ्याचे,
मधे अंतर दोन फूट.
माणूस जातो. छत्री मिटून जातो.
भागी झोरेची घोडी जात नाही.

घोडीचं नाव सुंगटी,
रंग उकडलेल्या सुंगटाचा, म्हणून.
पाठीवर दोन बाजूंना दुधाचे कॅन,
चैत्रात बोंडूंच्या पाट्या,
एकदा जानूचा मोडलेला पाय, जानूसकट.
आता ती डांबरी रस्त्यानं जाते, साडेचार किलोमीटर वळसा,
टिप्पर भोंगा मारतात, ती कान पाडते,
आणि वाळपईची दूधगाडी निघून गेलेली असते.

ग्रामसभा. रविवार, साडेदहा. पंखा एक, तोही पंचांवर.
मी कारकून. बोललेलं लिहून घेणं माझं काम,
काही बोललेलं गाळणं, तेही.
प्लॉटवाल्यांचा वकील सौम्य होता. म्हणाला,
चालणाऱ्यांना आमची हरकत नाहीच.
पण नोंद पायवाटेची आहे, जनावराची नाही.
उद्या घोडी, परवा जीप.
पंच फटी गावकर म्हणाला, मुद्दा आहे.
फॉर्मात रकाने दोनच: पादचारी, वाहन.
घोडी कशात बसवायची?

भागी उठली. पदर खोचलेला, हाताला दुधाचा वास.
"पायवाट म्हंजे पायांची वाट.
किती पायांची, तें खंय बरयलां?"

सभा हसली. मग हसायची थांबली,
कारण खरंच कुठं लिहिलं नव्हतं.
मी दप्तर काढलं. पोर्तुगीज अमलातला एक कागद,
वाळवीनं कडा खाल्लेला,
त्यातही नुसती वाट. कुणाची, ते नाही.
म्हातारा भिकारो म्हणाला, ह्या वाटेनं आधी बैल गेले,
मिठाच्या गोणी घेऊन, घाटावर.
माणसं त्यांच्या शेपटीमागून चालली.
म्हणजे वाट बैलांची. आपण भाडेकरू.
हे मी लिहिलं. पुरावा म्हणून नाही, आवडलं म्हणून.

बुधवारी मापणी. सर्व्हेयर कुडणेकरची टेप
घोडीनं आधी चावून पाहिली.
कॅनसकट एक मीटर दहा.
कॅन उतरवून पुन्हा.
"पोट जरा जास्त भरतंय," कुडणेकर म्हणाला.
"गाभण आहे."
त्यानं पेन कानावर ठेवलं.
"मग कुठलं माप धरू? आजचं, की व्यायल्यानंतरचं?"
"आजचं. शिंगरूंय ह्याच वाटेन चलतलें न्हय?"

ठराव क्रमांक सात: सदर पायवाट
गुरे, घोडी व ओझ्याची जनावरे यांस खुली करावी,
रुंदी दोन मीटर, खांब हलवावेत,
चाकांना मनाई.
बाजूनं अकरा, विरोधात चार,
एक जण भजी आणायला गेला होता.

तालुक्याहून उत्तर आलं ते असं:
ओझ्याचे जनावर, याची व्याख्या कळवावी.
दोन दिवस पेन हातात धरून बसलो.
बापाची मान आठवत राहिली,
बोंडूंच्या पाटीखाली आत गेलेली.
शेवटी घोडीचंच लिहिलं.

खांब तसेच आहेत.
पण बाजूची करवंदीची जाळी
कुणीतरी एक घोडीभर मोडली आहे,
आणि आज सकाळी तिथं लीद होती, वाफाळती.
ते मी पाहिलं. कुठं नोंदवलं नाही.

दप्तरात येऊन नकाशा उघडला.
गुरांची वाट म्हणजे दुहेरी तुटक रेघ.
पेन्सिलीला टोक काढलं,
आणि एका रेघेशेजारी दुसरी,
हलक्या हातानं,
खोडता येईल अशी.